चांदीचा निळा

१२ जानेवारी १९७८, गुरुवार

आज शेडमधी जर्मन गाडी आली. जालन्यात असली गाडी एकच, डॉक्टर उषाबाईंची. आजपर्यंत रस्त्यानं जाताना लांबून पाह्यलेली. हात लावायची पाळी आज आली.

रंग निळा. पर साधा निळा न्हाई, आत चांदीचे बारीक कण. उन्हात उभी केली की सगळं अंग चमकून उठतं, सावलीत ढकलली की डोहासारखी गडद होते. आपल्याकडं फियाट येते, अम्बेसेडर येते, जीप येते. त्यांचे रंग सरळ. पांढरा म्हणजे पांढरा. असला चांदीचा रंग मी उभ्या आयुष्यात एकदाच मारला, हैदराबादला उस्तादच्या हाताखाली, तोही एका मडगार्डवर.

बाई खेड्यापाड्याला बाळंतपणाला जातात. कुंभार पिंपळगावच्या वाटंला एका बैलगाडीचं जू घासलं, डाव्या दोन्ही दारांवर लांब ओरखडा. आन् रोजगार हमीच्या रस्त्याची खडी उडून बॉनेटचे टवके गेलेत, काही ठिकाणी आत गंज धरला.

बाई म्हणल्या, "तातेराव, औरंगाबादला दाखवली. ते म्हणतात, हा रंग जुळायचा नाही, सगळी गाडी साध्या निळ्यात मारून घ्या. पण हा रंग माझ्या भावानं पसंत केला होता. तो आता नाही. तुम्हाला जमेल का?"

मी म्हणलं, जमंल.

बदरोद्दीन माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला. तो पत्रा ठोकतो, मी रंग मारतो — आमची शेड भोकरदन नाक्यावर उभी राह्यली तव्हापासून आम्ही दोघं.  बाई गेल्यावर मी गाडीभोवती एकटाच फिरलो. माझ्या बापाला असल्या गाडीच्या सावलीत कुणी उभं राहू दिलं नसतं. आन् गाडीची मालकीण मला इचारते, जमेल का.


१३ जानेवारी

बदरोद्दीन सकाळीच म्हणला, "हो म्हणून तर बसला तात्या, पर चांदी कुठून आणणार?"

खरं हाय. रंगाच्या डब्यात असली चांदी येत न्हाई. आली तर मुंबईत येत आसंल. मी म्हणलं, आणू कुठून तरी.

माझ्या लेकीनं, बेबीनंदानं गाडी धुऊन काढली. सगळे टवके खडूनं गोल करून ठेवले. मला दिसले न्हाईत तेही तिनं काढले. माझी नजर आताशा जरा मंद झाली. वय झालं, दुसरं काय.


१७ जानेवारी

मोंढ्यातून रुपेरी पावडर आणली, ट्रंका आन् लोखंडी फाटकं रंगवतात ती. लाखेत कालवून पत्र्याच्या तुकड्यावर मारली. दिसली ट्रंकेसारखीच. कण मोठाले, वाळूसारखे. बदरोद्दीन हसला. मलाही हसू आलं.

बेबीनंदा पत्रा हातात घेऊन लई येळ पाहत राह्यली. म्हणली, "दादा, आई कुरडयांचा चीक निवळती न्हाई का, तसं करू. पावडर थिनरमधी ढवळायची. मोठे कण आधी खाली बसतील. वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. बारीक चांदी त्या पाण्यात राहील."

मी म्हणलं, हे काय सैपाकघर हाय का.

तरी तिनं केलं. आज तीन भांडी झाकून ठेवलीत.


१८ जानेवारी

निवळली. तिसऱ्या भांड्यातली चांदी बोटावर घेतली तर पिठासारखी. पत्र्यावर मारली, उन्हात धरली. गाडीच्या दाराशेजारी धरली. कण कणाला जुळला!

हे डोकं माझ्या लेकीचं हाय, हे इथं लिहून ठेवतो. तिच्या तोंडावर मी फक्त "बरं जमलं" म्हणलो.


१९ जानेवारी

रात्री ते मनातून जाईना म्हणून सकाळी पहिलं हेच लिहितो. बेबीनंदा मॅट्रिक झालेली. भोकरदनला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली, ही तीन सालामागं आपली पेटी घेऊन परत आली. आली त्या दिवशी तिची आई गिरिजा रडून राह्यली होती, शेजारणी जमल्या होत्या. ही पोरगी हातपाय धुऊन शेडमधी आली, पाण्याचा कागद घेतला आन् एका जीपचं दार घासायला बसली. मी काही इचारलं न्हाई, तिनं काही सांगितलं न्हाई. तव्हापासून घासायचं सगळं काम तिचं. तिनं घासलेल्या पत्र्यावर माशी घसरंल.

रंग फवारायची गन मात्र मी तिच्या हातात दिली न्हाई. गन माझी. उस्तादनं जाताना मला दिलेली.


२४ जानेवारी

बॉनेटचे टवके भरून झाले. कामाची तऱ्हा लिहून ठेवतो, कारण असं काम मी आजवर कुणाच्या हातून झालेलं पाह्यलं न्हाई.

गंज सुईच्या टोकानं खरवडून काढायचा, खाली चकचकीत पत्रा दिसंपर्यंत. मंग तांबडा प्रायमर, एक थेंब, काडीनं. मंग पुट्टी, पर एकदम भरायची न्हाई. पातळ पापुद्रा, सुकू द्यायचा, पुन्हा पापुद्रा. घाई केली की सुकल्यावर मधी खळगा पडतो. मंग पाणी टाकून बारीक कागदानं घासायचं. कडा अशी उतरली पाहिजे की जुना रंग कुठं संपला आन् नवं काम कुठं सुरू झालं ते बोटाला कळू नये.

डोळे मिटून सगळ्या बॉनेटवर तळवा फिरवला. एकही खड्डा लागला न्हाई. बदरोद्दीनला फिरवायला लावला. तो म्हणला, "बिलकुल काच." 

उस्ताद असते तर पाठीवर थाप मारली असती.


२८ जानेवारी, शनिवार

आज दार मारलं.

निळा मीच मिसळला. सकाळपासून डबा घेऊन बसलो होतो. निळा, थोडा काळा, नखभर पांढरा, वर लेकीची चांदी. गाडीशेजारी पत्रा धरून पाह्यचं, पुन्हा थेंब टाकायचा. जुळला. गन भरली, दोन्ही दारं मारली. हात कुठं अडला न्हाई. साठीला टेकलेल्या माणसाचा हात न्हाई वाटला.

सुकायला ठेवून घरी आलो. गिरिजा म्हणली, आज चेहरा वेगळाच दिसून राह्यला. म्हणलं, आज काम वेगळं केलं.


२९ जानेवारी

बदरोद्दीन म्हणतो, दार हिरवट दिसून राह्यलं.

मी म्हणलं, तू पत्रा ठोक.

उन्हात गाडी काढली. मी समोरून पाह्यली, बाजूनं पाह्यली, वाकून पाह्यली. बराबर हाय. बिलकुल बराबर हाय. बेबीनंदाला इचारलं न्हाई. ती पाण्याची बादली घेऊन आत गेली.


३० जानेवारी

उषाबाई आल्या. गाडीपाशी उभ्या राहून दाराकडं पाहू लागल्या. मी आपला सांगून राह्यलो — कण कसे निवळले, टवके कसे भरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणल्या, "तातेराव, जरा इकडे उजेडात बसता का?"

स्टुलावर बसवलं. पर्समधून बॅटरी काढून दोन्ही डोळ्यांत पाह्यलं. मंग गाडीतून दवाखान्याचा एक पांढरा कपडा आणला, आन् एक फिकट पिवळा रुमाल. दोन्ही माझ्या मांडीवर ठेवले.

"यातला पांढरा कोणता?"

मी पाहत राह्यलो. दोन्ही सारखेच होते.

 बदरोद्दीन हातोडा घेऊन उभा. बाई माझ्यासमोर खाली उकिडव्या बसल्या. म्हणल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन-एक वर्षांपासून असावा. हळूहळू येतो, म्हणून माणसाला कळत नाही. तुम्ही पिवळ्या काचेतून पाहताय. निळा तुम्हाला पुरता दिसतच नाही. ऑपरेशनने बरं होतं. पण घाबरू नका, आणि गाडीची घाई नाही."

मी बेबीनंदाकडं वळून म्हणलं, खरं सांग. दार कसं हाय?

ती म्हणली, "हिरवट हाय दादा. उन्हात लई कळतं."

तू काल बोलली का न्हाई?

"तुमच्या तोंडाकडं पाहून बोलवंना."


१ फेब्रुवारी

शेडला गेलो न्हाई.


२ फेब्रुवारी

आजही न्हाई. आंगणात बसून राह्यलो. गिरिजाच्या लुगड्याचा रंग इचारला. म्हणली, जांभळा. मला तपकिरी दिसून राह्यला होता.

रंगाऱ्याला रंग दिसंना, मंग तो कोण? न्हाव्याचा हात कापायला लागला तर त्याच्याखाली मान कोण देईल? सगळं आयुष्य मी हातानं कमी आन् डोळ्यानं जास्त जगलो. शेजारी बसून लोक म्हणायचे, तातेरावनं मारलेलं दार ओळखून दाखवा. कुणाला ओळखू यायचं न्हाई. आता मलाच ओळखू येत न्हाई.

गिरिजानं भाकर आणून ठेवली. बसली समोर. म्हणली, "डोळ्यावर पडदा आला, जिभेवर तर आला न्हाई ना? येतं ते सांगा पोरीला. दुसऱ्याला शिकवायला डोळे कशाला लागतात?"

मी म्हणलं, पोरीच्या जातीला गन कशी द्यायची.

ती म्हणली, "शाळेत तर तुम्हीच घातली होती. सगळे नको म्हणून राह्यले होते तव्हा."


४ फेब्रुवारी

आज बेबीनंदाच्या हातात गन दिली.

काही समारंभ केला न्हाई. ती दार घासून माझा हिरवा रंग उतरवून राह्यली होती. मी म्हणलं, कागद ठेव. हात पूस. इकडं ये. गन तिच्या हातात ठेवली. जड असती ती, पहिल्यांदा मनगट वाकतं. तिचं वाकलं न्हाई.

मी भिंतीशी स्टूल घेऊन बसलो. समोर जुना पत्रा उभा केला. म्हणलं, मार. आन् मी डोळे मिटून घेतले.

मिटले तर कळलं की मला सगळं ऐकू येतं! गन लांब गेली की हवा पोकळ फुसफुसते. जवळ आली की आवाज जाड होतो आन् थिनरचा वास नाकात झोंबतो. हात मधीच थांबला की सूर बदलतो. मी नुसतं म्हणत गेलो — लांब गेली. आता बराबर. थांबू नको. कडंला आली की घोडा सोड. ती तसं तसं करत गेली.

डोळे उघडले तव्हा बदरोद्दीन दारात उभा. म्हणला, "ये कवाली चांगली जमली तुमची."


७ फेब्रुवारी

पत्र्यांवर पत्रे चाललेत. चांदीच्या रंगाची खोड आता तिला कळून राह्यली. गन जवळ धरून ओला थर मारला की कण खाली बुडतात, रंग गडद होतो. लांबून कोरडा थर मारला की कण वर राहतात, फिका होतो. एकाच डब्यातून गडदही निघतो आन् फिकाही निघतो. म्हणून हा रंग ब्रशनं लावता येत न्हाई, कण एकावर एक बसून डाग पडतो. आन् म्हणून समोरून जुळला तरी बाजूनं पाह्यलं की पितळ उघडं पडतं.

ती प्रत्येक पत्रा समोरून पाहती, मंग खाली बसून गालाशी धरून पाहती. मी तिला हे शिकवलं न्हाई.


९ फेब्रुवारी

निळा आज तिनंच मिसळला. मी नुसता डबा धरून बसलो. पहिल्याच येळेला जुळला. बदरोद्दीन म्हणतो, जुळला, आन् त्याचे डोळे चांगलेत. मी म्हणलं, हे रक्तात असावं लागतं. शिकून येत न्हाई. गिरिजालाही सांगितलं घरी जाऊन, की पोरीनं माझी नजर घेतली.


१५ फेब्रुवारी

दोन्ही दारं झाली, बॉनेटही झालं.

वारा पडल्यावर, उन्हं उतरायच्या आत मारलं. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. बदरोद्दीननं ठोकाठोक बंद ठेवली. बेबीनंदानं पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं. मी माझ्या स्टुलावर.

तिनं आधी ओरखड्यावरच मारलं, हलकं, धुकं पडल्यासारखं. मंग त्याहून जरा रुंद. मंग डब्यात थिनर वाढवून त्याहून रुंद. असं करत करत नवा रंग जुन्या रंगात विरवत नेला, की शिवण कुठं दिसायलाच नको. शेवटच्या हाताला तिनं गन जरा लांब नेली. मला आवाज पोकळ लागला. मी म्हणलं, लांब गेली.

ती म्हणली, "मुद्दाम नेली दादा. कण आडवे बसायला पाहिजेत, जुन्यासारखे."

 उस्तादनं हे मला सांगितलं होतं, पस्तीस-चाळीस सालामागं, आन् मी ते विसरून गेलो होतो. हिला कुणी सांगितलं?


२२ फेब्रुवारी

चांगलं सुकू दिलं. वरून लाख, मंग पॉलिश. दोन दिवस ती नुसती कापसानं घासून राह्यली होती.

उषाबाई दुपारी आल्या. मी सांगून ठेवलं होतं, कुणी काही बोलायचं न्हाई. गाडी भर उन्हात उभी केली. बाई म्हणल्या, "ओरखडा कोणत्या बाजूला होता?"



त्यांनी चष्मा चढवला. डावीकडून पाह्यलं, उजवीकडून पाह्यलं. खाली बसून पाह्यलं. बोट फिरवलं. बॉनेटवर टवके शोधले. मंग दाराला हात लावून नुसत्या उभ्या राह्यल्या. पाठमोऱ्या. म्हणल्या, "याच रंगासाठी हरी चार महिने थांबला होता. दुसरी गाडी लगेच मिळत होती."

हरी म्हणजे त्यांचा भाऊ.

मी म्हणलं, बाई, हे काम माझं न्हाई. माझ्या पोरीनं केलं.

त्या वळल्या आन् बेबीनंदाचे हात हातात घेतले. रंगानं भरलेले, थिनरनं चिरलेले हात. सोडले न्हाईत लवकर. बेबीनंदा मान खाली घालून उभी. भोकरदनहून आली तव्हापासून मी तिला रडताना पाह्यलं नव्हतं. आजही रडली न्हाई. 

माझी छाती आज शेडमधी मावंना.


२७ फेब्रुवारी

गावभर झालं. लोक गाडी पाह्यला बाईंच्या दवाखान्यापुढं थांबतात म्हणं. आज मोंढ्यातला एक फियाटवाला आला. मागचा मडगार्ड मारायचा होता. मी म्हणलं, ठेवा, बेबीनंदा मारील. तो म्हणला, "तातेराव, तुम्ही मारा. बाईमाणसाच्या हातात गाडी म्हणजे..."

मी म्हणलं, उषाबाईंची पाह्यली का?

"पाह्यली. म्हणून तर आलो."

ती हिनं मारली.

तो बेबीनंदाकडं पाहत राह्यला, मंग गाडीकडं. चावी स्टुलावर ठेवली आन् गेला.


२० मार्च

उद्या ऑपरेशन. उषाबाई स्वतः गाडी चालवून मला औरंगाबादला घेऊन आल्या. मी पुढं बसलो, गिरिजा आन् बेबीनंदा मागं. बदनापूरपाशी एक एसटी अंगावर आली, बाईंनी गाडी मातीत उतरवली, बाभळीची फांदी सर्रकन दाराला लागली. बाई म्हणल्या, "गेला वाटतं रंग." मागून बेबीनंदा म्हणली, "जाऊ द्या बाई. पुन्हा मारू." इतक्या सहज म्हणली.

भीती वाटून राह्यली का? वाटून राह्यली. हे अक्षर शेवटचं असंल तर? मोठी मोठी काढून राह्यलो, लहान पोरासारखी.


१ एप्रिल

आज लिहायची परवानगी मिळाली, थोडंच, तेही अंदाजानं. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. डाव्याचं पुढं पाहू म्हणले. उताणं पडून राहायचं, मान हलवायची न्हाई, हसायचं न्हाई, खोकायचं न्हाई. गिरिजा घास भरवत होती.

पट्टी काढली तव्हा सगळं फुटक्या काचेतल्यासारखं. माणसं म्हणजे नुसते ठिपके. मी घाबरलो. डॉक्टर म्हणले, जाड भिंगाचा चष्मा लागंल, दीड-दोन महिन्यांनी, तोवर असंच. मंग त्यांनी मला खिडकीकडं फिरवलं.

खिडकीत काहीतरी निळं होतं. मी इचारलं, हे काय?

गिरिजा म्हणली, "आभाळ हाय. दुसरं काय असतंय तिथं?"


१४ एप्रिल, शुक्रवार

जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली. मला ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं होतं. धक्का लागू नये म्हणून बदरोद्दीन शेजारी उभा. एकही तोंड ओळखू येईना. आवाजावरनं ओळखून राह्यलो — हा शाळेतल्या शिपायाचा, ही बँडवाल्याची बायको.

पर झेंडे. झेंडे आले आन् सगळी गल्ली निळी झाली. असा निळा, की मी बदरोद्दीनचं मनगट धरलं. छप्पन साली नागपूरला पाह्यला होता तसा. किती सालापासून मला हे झेंडे राखेसारखे दिसत होते आन् मी समजत होतो की कापड हलकं यायला लागलं.

बदरोद्दीन म्हणला, "रो मत तात्या, डॉक्टरनं मना केलंय."


२१ मे, रविवार

चष्मा आला. भिंगं बाटलीच्या बुडासारखी. जमीन वर आल्यासारखी दिसते, पाय जपून टाकावा लागतो. पर दिसतं! एकेक कौलाची कड दिसते. गिरिजाच्या तोंडावरच्या सुरकुत्या दिसल्या. ती म्हणली, तुमच्याही काही कमी न्हाईत.

सगळ्यात आधी उषाबाईंची गाडी पाह्यली. समोरून, बाजूनं, दाराला गाल लावून. बाभळीचा ओरखडाही पोरीनं पुन्हा मारून टाकलेला. शिवण सापडली न्हाई. मला. रंगारी तातेरावला.

मंग मनात एक काटा होता तो काढायला गावभर फिरलो. ही दोन सालं मी आंधळ्या डोळ्यानं रंग मिसळले. ती कामं कशी असतील? बँकेच्या साहेबाची पांढरी फियाट पाह्यली. दार दाराला बराबर. जिनिंगवाल्याची सायीच्या रंगाची अम्बेसेडर — असला रंग पिवळ्या डोळ्याला सापडायचा न्हाई. बराबर! पंचायत समितीची जीप, शाळेचं फाटक, सगळं पाह्यलं. एकही रंग चुकलेला न्हाई.

म्हणजे डोळा गेला होता, पर हात गेला नव्हता. हाताला आपोआप कळत होतं. चांदीच्या रंगानंच तेवढा दगा दिला, तो मला नवा होता म्हणून. येताना नाक्यावर पेढे घेतले. घरी दोघींना सांगितलं, तातेरावचा हात असा हाय. बेबीनंदानं पेढा खाल्ला. म्हणली, "हाय की, दादा."


२३ मे

काल बदरोद्दीनलाही सांगितलं, हाताचं. तो चहा पिऊन राह्यला होता. कपबशी खाली ठेवली. म्हणला, "तात्या, आता तुला दिसून राह्यलं, मंग सांगतो. दोन सालापासून तू डबा मिसळून जेवायला घरी जायचा. आन् तू गेला की पोरगी त्या डब्यातला चुकलेला रंग पुन्हा जुळवायची. मला कसम घातल्ती."

चांदीच्या निळ्याच्या दिवशी मी डबा सोडून हललोच नव्हतो. म्हणजे दोन सालात माझा खरा रंग तेवढा एकच. तो हिरवा.

बेबीनंदाला काही बोललो न्हाई. आज ती यायच्या आधी शेडला गेलो, तिच्या गनसाठी हवेचा कंप्रेसर भरून ठेवला आन् पाण्याचा कागद घेऊन फियाटचं दार घासायला बसलो.